मालिकाभक्तांचा अभिमान आणि दीपाचा रंग

मालिका पाहणारा मनुष्य निर्बुद्ध असतो, पडद्यावर जे येईल ते तो मुकाट्याने गिळतो, असा एक समज शहरांतील विद्वानांत रूढ आहे. आम्ही पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावी राहतो, आणि हा समज साफ खोटा आहे असे आम्हांस नित्य दिसते. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका २०१६ साली सुरू झाली व २०२१ पर्यंत चालली. नायक आमच्याच जिल्ह्यातला पैलवान, चित्रणही याच जिल्ह्यात वसगडे येथे. राणादाचे 'चालतंय की' पोराटोरांच्या तोंडी बसले हे खरे. परंतु त्याच वेळी 'असं कुठं बोलत्यात कोल्हापुरात?' ही तक्रारही घरोघर ऐकू येई. कोणता शब्द आमचा, कोणता मुंबईच्या लेखकाने ठोकून दिलेला, याची चिकित्सा व्याकरणकारालाही लाजवील अशी चाले. तिकडे कोकणात 'रात्रीस खेळ चाले' आली तेव्हा मालवणी मुलखातूनही नाराजीचे सूर उमटले होते. तेव्हा प्रेक्षक जागा आहे, रागावतो, भांडतो. आमचा आक्षेप त्याच्या झोपेवर नाही, त्याच्या जागेपणावर आहे. आम्हांला नीट दाखविले की नाही, एवढेच तो पाहतो. कोणाला दाखविलेच नाही, हा प्रश्न त्याच्या मनास शिवत नाही.

उदाहरणासाठी लांब जावयास नको. कोडोलीत अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकात पडले. चर्च व रुग्णालय ही त्याची खूण आजही उभी आहे. येथील ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथलीच. शेती तीच, बोली तीच. घरची म्हातारी दाराशी आलेल्यास 'या की वो, जेवलासा काय?' असेच विचारते. असा ख्रिस्ती मनुष्य मराठी मालिकेत कोणी पाहिला आहे काय? तेथे ख्रिस्ती यायचाच तर तो मोडकी मराठी बोलत, हसे करून घेण्यासाठी येतो. ज्यांस 'पैलवानाची लकब चुकली' याचा एवढा संताप, त्यांस शेजारचा मनुष्य पडद्यावरून अजिबात गळाला याचे काहीच वाटू नये, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. कोल्हापुरातच १९२९ साली जन्मलेल्या 'प्रभात'ने १९४१ साली 'शेजारी' काढला, तेव्हा पाटील आणि मिर्झा या दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीवर सबंध चित्रपट उभा केला होता. आज रोज रात्री अर्धा अर्धा तास मोकळा मिळत असूनही मालिकेच्या गल्लीत मिर्झाचे घर क्वचितच सापडते.

परंतु या विषयातील खरा कस लागला तो 'रंग माझा वेगळा' या मालिकेत. २०१९ ते २०२३ अशी चार वर्षे ती चालली. नायिका दीपा रंगाने काळी. त्या रंगापायी तिची अवहेलना होते, हे कथेचे बीज. बीज उत्तम. ज्या समाजात वधू पाहिजे म्हणून छापताना 'गोरी' हा शब्द शिक्षणाच्याही आधी येतो, तेथे ही गोष्ट सांगावयास हवीच होती. पण दीपाची भूमिका ज्यांस दिली त्या रेश्मा शिंदे मूळच्या उजळ वर्णाच्या. त्यांस रोज काळा रंग फासून उभे केले गेले. त्यांनी काम मन लावून केले, याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो रंग फासविणाऱ्यांशी, आणि त्याहून अधिक, त्यांची वकिली करणाऱ्या भक्तांशी. काळ्या मुलीवर अन्याय होतो हे सांगण्यासाठीसुद्धा काळ्या मुलीला काम मिळू नये, ही थट्टा त्यांच्या ध्यानी कशी येत नाही?

भक्तांचे पहिले उत्तर असे: हा अभिनय आहे, नटाने कोणतेही रूप घ्यावे. ठीक. मग सावळी नटी कधी पावडर फासून गोऱ्या नायिकेच्या जागी उभी राहिलेली दाखवा. रूपे घेण्याची ही मुभा एकाच दिशेने वाहते, यातच तिचे खरे स्वरूप कळते. शिवाय हे उत्तर नवे नाही. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके नावाचे पुरुष. रंगभूमीवर तर बालगंधर्वांच्या स्त्रीरूपावर महाराष्ट्र लुब्ध होता. 'अभिनय आहे' हे समर्थन तेव्हाही तयारच होते, आणि बालगंधर्वांच्या बाबतीत ते आजच्यापेक्षा शतपट खरे होते. तरीही आमच्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० च्या 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडूनच करविल्या, आणि तेही सभ्य समाज या कामास हलके मानीत असता. त्यांनी अभिनय कमी लेखला असे कोणी म्हणत नाही. स्त्रीच्या जागी स्त्री उभी राहिल्याने कलेचे जे झाले, तेच काळीच्या जागी काळी उभी राहिल्याने होईल.

दुसरे उत्तर बाजाराचे. प्रेक्षक सावळी नायिका स्वीकारणार नाही, आकडे पडतील, असे सांगतात. आकडे म्हणजे काय, तर देशभरातील निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांनी दर आठवड्यास काढलेला हिशेब. त्या हिशेबातही 'रंग माझा वेगळा' कित्येक आठवडे अग्रभागी होती! म्हणजे दीपाचा काळा रंग प्रेक्षकांनी चार वर्षे स्वीकारला. स्वीकारला नाही तो कोणी? 'सुंदरा मनामध्ये भरली'त अक्षया नाईक आणि 'येऊ कशी तशी मी नांदायला'त अन्विता फलटणकर यांस अंगाला कापूस बांधून जाड केलेले नव्हते. त्या होत्या तशाच आल्या, आणि लोकांनी त्यांस घरातल्या मुलीसारखे मानले. 'कारभारी लयभारी'त गंगा ही तृतीयपंथी कलावती तृतीयपंथी व्यक्तीचीच भूमिका करीत होती. आभाळ कोसळले नाही. २०२० साली तर 'फेअर अँड लव्हली' विकणाऱ्या कंपनीलाही नावातला 'फेअर' काढून टाकावासा वाटला. मलमवाल्याला जेवढी लाज वाटली, तेवढी कथाकारांस वाटू नये!

मात्र सगळा दोष वाहिन्यांच्या माथी मारून प्रेक्षकांस मोकळे सोडणे आम्हांस मान्य नाही. जानेवारी २०२० मध्ये 'सावित्रीजोती' सुरू झाली. फुले दांपत्याचे चरित्र रोज घरात येत होते. तिचे गुणगान करणारे पुष्कळ. त्यात आमच्या भागातील सत्यशोधक परंपरा सांगणारे, शाहू महाराजांच्या १९०२ च्या जाहीरनाम्यावर व्याख्याने देणारे आघाडीवर. आणि वर्ष संपता संपता प्रेक्षकांअभावी मालिका बंद झाली. मग हळहळीचे लेख आले. त्या लेखकांस आमचा साधा प्रश्न आहे: ती लागत असे त्या वेळी आपल्या घरी काय चालू असे? सासूने सुनेच्या दुधात काय कालविले, हेच ना? स्तुती सावित्रीबाईंची आणि संध्याकाळ सासूची, हा व्यवहार आमच्या पुरोगामी मंडळींस फार जुना अंगवळणी पडला आहे. 

शेवटचा एक आक्षेप उरतो: करमणुकीत जात आणि वर्ण कशाला आणता? आम्ही काही आणीत नाही. ते तेथे आधीच पाट मांडून बसले आहेत. दीपाचे सासर इनामदारांचे. 'सुंदरा'मधील लतिकेचे सासर जहागीरदारांचे. वाडा, देवघर, दिवाणखाना, सारे आडनावाला साजेसे. आडनाव नसते ते फक्त स्वयंपाकघरातल्या बाईला आणि दारावरच्या गड्याला. शंभर शंभर भाग ती बाई चहा आणते, बातम्या पोचविते, मालकिणीसाठी रडते. तिला नवरा आहे काय, ती कोणत्या गावची, घरी गेल्यावर ती काय शिजविते, हे ना लेखकास ठाऊक, ना भक्तांपैकी कोणी त्यास कधी विचारले. राणादाच्या एका शब्दावरून वाहिनीशी भांडणाऱ्या आमच्या गाववाल्यांनी एवढे एकच पत्र पाठवून पाहावे: इनामदारांच्या वाड्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईचे आडनाव काय, ते येत्या सोमवारच्या भागात सांगा.