मे महिन्यात लिहू

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जाऊन बसावं. टेबलावर अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कपाटावर मागच्या नॅक मूल्यांकनाच्या बॉक्स फायली, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी एक्सेलच्या रकान्यांत विद्यार्थ्यांची माहिती भरत बसलेलं. ‘सर, त्या पेपरचं काय झालं?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘या मे महिन्यात हातावेगळा करायचाच आहे.’ गेल्या मार्चमध्येही हेच उत्तर मिळालं होतं. पेनड्राइव्हवर त्या लेखाची फाइल आहे. तिचं नाव ‘फायनल_नवीन_२’ आणि ती शेवटची उघडल्याची तारीख दिवाळीच्या सुट्टीतली.

ही माणसं आळशी नाहीत, हे आधी कबूल करायला हवं. आळशी माणूस मे महिन्याचं नाव घेत नाही, तो सरळ विषय बदलतो. मे महिन्याची वाट पाहणाऱ्याकडे एक पक्की भूमिका असते. संशोधनपर लेखन म्हणजे अर्ज नव्हे, ते येताजाता होत नाही. दहा संदर्भ एकाच वेळी डोक्यात असावे लागतात, युक्तिवादाचा धागा हाती यायलाच तास-दीड तास जातो आणि तो येतो न येतो तोच पुढच्या लेक्चरची घंटा होते. मग अर्धवट काहीतरी खरडण्यापेक्षा सलग वेळ मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

शास्त्रार्थाची जुनी रीत अशी की पूर्वपक्ष त्याच्या सगळ्यांत बळकट रूपात मांडायचा आणि मगच त्याला हात घालायचा. या पूर्वपक्षाचं बळकट रूप म्हणजे मंडाले. टिळकांनी ‘गीतारहस्य’ तिथल्या तुरुंगात लिहिलं. १९१० च्या नोव्हेंबरपासून १९११ च्या मार्चपर्यंत, शाई नाही म्हणून शिसपेन्सिलीने. एवढा मोठा ग्रंथ एका हिवाळ्यात हातावेगळा झाला. बाहेर असते तर ‘केसरी’, सभा आणि खटले यांतून त्यांना तो लिहायला फावलं असतं का? नसतंच. तेव्हा सलग वेळ हवाच.

पण त्याच ग्रंथाची प्रस्तावना वाचली तर हा दाखला उलटतो. टिळक तिथे आपल्या प्रश्नाचं मूळ १८७२ सालात दाखवतात. वडील अखेरच्या आजारात असताना सोळा वर्षांच्या मुलाला त्यांना गीतेवरची मराठी टीका वाचून दाखवावी लागली, तेव्हापासूनची ती शंका. १९०२ मध्ये नागपूरला त्यांनी या विषयावर व्याख्यानही दिलं होतं. म्हणजे हिवाळा एक, पण त्यामागे अडतीस वर्षांचं वाचन, वाद आणि मांडणी. मंडालेने त्यांना कागदावर उतरवण्याची सवड दिली, उतरवायचं काय ते आधीच तयार होतं. मे महिन्यात कोरी फाइल उघडून बसणाऱ्याने स्वतःची तुलना त्या कोठडीशी करू नये. शिवाय त्या कोठडीत टिळकांना कॅप सेंटरला पेपर तपासायला बोलावणारं कुणी नव्हतं.

मे महिन्याचा खरा हिशेब कधीतरी मांडावा. विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिल-मेत, त्यांची तपासणी त्याच सुमारास, निकालाची घाई, जूनपासून प्रवेश. मधल्या दिवसांत दोन-तीन लग्नं, गावाकडची एक फेरी, मुलांच्या ॲडमिशनची धावपळ. यातून जो आठवडा उरतो त्याचे पहिले चार दिवस दिवाळीत सोडलेल्या फाइलशी पुन्हा ओळख करून घेण्यात जातात. ‘हा मुद्दा आपण इथे का घातला होता?’ असं स्वतःलाच विचारावं लागतं. ओळख होते तोवर कॉलेजातून फोन येतो.

याच्या शेजारी पांडुरंग वामन काणे उभे करावेत. जन्म १८८०, चिपळूणजवळच्या परशुरामचा. सरकारी शाळेतली शिक्षकी सोडून त्यांनी १९११ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. म्हणजे पोट कोर्टावर, आणि कोर्टाची तारीख ग्रंथासाठी थांबत नाही. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती संपादित करताना धर्मशास्त्राचा थोडका इतिहास तिच्या प्रस्तावनेत द्यावा, असा त्यांचा मूळ बेत होता. ती प्रस्तावना वाढत जाऊन तिचा वेगळा ग्रंथच झाला. त्याचा पहिला खंड १९३० मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने छापला आणि पाचव्या खंडाचा शेवट १९६२ मध्ये आला, तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. एकूण पानं साडेसहा हजारांच्या वर. मधल्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेचे सदस्य झाले. १९५६ चं साहित्य अकादमी पारितोषिक त्यांना याच ग्रंथाच्या चौथ्या खंडाबद्दल मिळालं आणि १९६३ मध्ये भारतरत्न.

आता साधा भागाकार करावा. पहिल्या आणि शेवटच्या खंडामधली ३२ वर्षं धरली तर दिवसाला छापील अर्ध्या पानाच्या आसपास पडतं. काणे रोज मोजून अर्धं पान लिहीत असा याचा अर्थ नाही. त्यांचीही काही वर्षं भाकड गेली असतील. पण साडेसहा हजार पानांचा डोंगर पाहून छाती दडपते आणि अर्धं पान म्हटलं की वाटतं, हे तर दोन लेक्चरांच्या मधेही जमेल. अशा ग्रंथांना सलग फुरसत लागते, ही समजूत एका वकिलाने फुरसतीशिवाय खोटी पाडली. आणि धर्मशास्त्राचा इतिहास हा काही हलका विषय नव्हता. डोक्यात दहा संदर्भ ठेवावे लागतात म्हणणाऱ्याने त्यातलं कुठलंही पान उघडून तळटीपा पाहाव्यात.

एका थोर माणसावरून नियम काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मोजमापाकडे वळू. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिहिणं होत नाही अशी तक्रार असलेले २७ प्राध्यापक घेतले आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्याने अगदी निकडीचं सोडून काही लिहायचं नाही. दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचं. तिसऱ्याने ठरल्या वेळी बसायचंच, आणि नाही लिहिलं तर आपल्याला मुळीच न आवडणाऱ्या संस्थेला देणगीचा धनादेश जायचा. (ही शिक्षा मराठी प्राध्यापकांना लावली तर धनादेश कुणाकुणाच्या नावे निघतील, हा वेगळ्या लेखाचा विषय.) मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांचं दिवसाला सरासरी ०.९ पान झालं, सक्तीने बसणाऱ्यांचं ३.२.

पानांपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची. नव्या कल्पना किती दिवसांनी सुचतात, हेही बॉइसने नोंदवून घेतलं होतं. सक्तीच्या गटाला त्या बहुधा रोज सुचत, मनस्वी गटाला दिवसाआड, न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांनी. ‘आधी सुचू दे, मग लिहितो’ या वाक्याचा क्रमच त्यामुळे उलटा ठरतो. माणसं लिहायला बसतात म्हणून त्यांना सुचतं.

‘पण ही कारकुनी झाली,’ असं म्हणणारे भेटतातच. त्यांच्या बाजूने अँथनी ट्रोलप हा साक्षीदार हजर करता येतो. ब्रिटनच्या टपाल खात्यातला हा अधिकारी पहाटे साडेपाचला लिहायला बसे. वेळेवर उठवून कॉफी देण्याबद्दल नोकराला वर्षाला ५ पौंड जास्त मिळत. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, असा त्याचा नेम होता. मृत्यूनंतर १८८३ मध्ये आलेल्या आत्मचरित्रातून हे बाहेर पडल्यावर अनेक टीकाकारांनी नाकं मुरडली. कादंबऱ्या मात्र ४७ झाल्या आणि त्यांतल्या चांगल्या अजून वाचल्या जातात. ज्याला कारकुनी म्हणून हिणवायचं, तिच्यातली हजेरी तेवढी घ्यावी आणि तिचा कंटाळा सोडून द्यावा. एरवीही प्राध्यापक मस्टरवर सही करतातच की.

इथवर आल्यावर दुसऱ्या बाजूचे उत्साही लोक टाळ्या वाजवू लागतात, म्हणून त्यांनाही दोन शब्द. पहाटे पाचला उठा, रोज लिहा, एकही दिवस चुकवू नका, फोनमध्ये अमुक ॲप घ्या, असा उपदेश करणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट आहे. टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून नाव पडलेली २५ मिनिटांची ‘पोमोडोरो’ पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःसाठी शोधली. तिचं आता कर्मकांड झालं आहे. टायमर लावणं, रंगीत तक्ता करणं, डायरी सजवणं यांतच पाऊण तास जातो. न्यूझीलंडच्या हेलन स्वोर्ड यांनी १०० नावाजलेल्या अभ्यासकांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं की यशस्वी लेखकांपैकी सगळे काही रोज लिहीत नाहीत. कुणी रात्री लिहितं, कुणी आठवड्यातले दोनच दिवस, कुणी सुट्टीतच. बॉइसचा २७ जणांचा प्रयोग हा वेदवाक्य मानण्याइतका मोठा नाही, हेही खरंच.

आणि पहाटे पाचचा उपदेश कुणाला करायचा, याचाही विचार हवा. साडेपाचला पाणी भरून, दोन डबे करून सातची एस.टी. पकडणाऱ्या प्राध्यापिकेला पहाट ही काही मोकळी जागा नसते. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत पळणाऱ्या सीएचबी शिक्षकाला तर ‘ऑफ’ तासाचे पैसेही मिळत नाहीत. त्याची अडचण शिस्तीची नाही, पगाराची आहे, आणि लेखनाच्या युक्त्या सांगून ती सुटणार नाही. स्वोर्ड यांचं म्हणणं मान्य करायला म्हणूनच काही हरकत नाही: वेळ कुठलीही असू द्या. फक्त ती ठरलेली असावी, आणि ठरवताना ‘सुट्टीत’ हा शब्द एकमेव आधार नसावा.

तर ठरलेली म्हणजे कशी? समजा, सोमवार, मंगळवार आणि गुरुवारचा ११.४० ते १२.२० हा ऑफ तास. जागा स्टाफरूम नको, तिथे चहा आणि परिपत्रकं दोन्ही येतात. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातली मागची खुर्ची चांगली. पहिली पाच मिनिटं फक्त मागचा परिच्छेद वाचायचा. त्यानंतर वाचन बंद. ‘आणखी एक पुस्तक चाळतो आणि मग’ ही प्राध्यापकांची सर्वांत प्रतिष्ठित पळवाट आहे. संदर्भ आठवला नाही तर कंसात ‘पान बघ’ लिहून पुढे जायचं. लेख इंग्रजीत असला आणि वाक्य अडलं, तर ते सरळ मराठीत लिहून टाकायचं, इंग्रजी नंतर करता येतं. कित्येकांचे लेख विचारापाशी अडलेले नसतात, उपवाक्यापाशी अडलेले असतात. १२.१८ ला थांबायचं आणि उरलेल्या दोन मिनिटांत पुढे काय म्हणायचं आहे ते दोन ओळींत टिपून ठेवायचं. गुरुवारी बसल्यावर ओळख करून घेण्यात जाणारा वेळ त्या दोन ओळी वाचवतात. बैठकीला २०० शब्द धरले, तर ३० आठवड्यांत १८,००० होतात. निम्मे फेकून दिले तरी एक भरगच्च लेख आणि दुसऱ्याची सुरुवात हातात राहते.

एवढ्यानेही भागत नाही, आणि इथे बॉइसचाच दुसरा अभ्यास कामाला येतो. १९८९ चा. नेहमीसारखं, जमेल तेव्हा मोठी बैठक मारून लिहिणाऱ्यांची वर्षाला सरासरी १७ पानं झाली. रोज थोडं लिहून स्वतःपुरती नोंद ठेवणाऱ्यांची ६४. आणि रोज लिहून, नोंद ठेवून, दर आठवड्याला ती कुणाला तरी दाखवणाऱ्यांची १५७. सवयीपेक्षाही शेजारच्या माणसाची नजर जास्त लिहून घेते, असं हे आकडे सांगतात. वारकऱ्यांना आणि भिशीच्या बायकांना हे न सांगता ठाऊक आहे. भूगोलाच्या मॅडम आणि इतिहासाचे सर यांनी शुक्रवारी कॅन्टीनमध्ये चहाबरोबर फक्त आकडा सांगायचा. मजकूर वाचायचा नाही, कौतुक करायचं नाही. शून्य असेल तर शून्य सांगायचं. विषय वेगळे असले तर उत्तम, निदान एकमेकांच्या सिद्धांतावर भांडण होत नाही.

पानं वाढवण्याची ही भाषा ऐकून कुणाच्या पोटात गोळा येत असेल, तर तो यायलाच हवा. २०१० नंतर बढतीसाठी लागणाऱ्या एपीआयच्या गुणांसाठी लेख मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला (यूजीसीला) आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकावी लागली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली. त्या पिकात लेखनाचा वेग हा प्रश्न नव्हताच, ते लेख मुळी लिहिलेच गेले नव्हते, जुळवले गेले होते. मे महिन्याची वाट पाहणाऱ्यांचाही यात थोडा हात आहे. बढतीची फाइल भरायची वेळ येते, हाताशी काही नसतं, आणि मग चार दिवसांत ‘काहीतरी’ उभं करावं लागतं.

यात कॉलेजचं देणं काय, हा प्रश्न शेवटी उरतोच, आणि त्याचं उत्तर जुन्या कागदात सापडतं. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीत शिक्षकाच्या आठवड्याच्या ४० तासांपैकी किमान ६ तास संशोधनासाठी द्यावेत असं म्हटलं होतं. स्टाफरूमच्या भिंतीवर टाइमटेबलचा मोठा तक्ता असतो. त्यात एफवाय, एसवाय, टीवाय, प्रॅक्टिकल, एनएसएस, क्रीडा, सगळ्यांचे रकाने निरनिराळ्या शाईने भरलेले दिसतात. ते सहा तास त्या तक्त्यावर आजवर कुठल्याच शाईने कुणी लिहिलेले नाहीत. टाइमटेबल कमिटीची पुढची बैठक जूनमध्ये असते.