मध्ययुगाच्या माथी मारलेल्या चेटकिणी

मध्ययुगीन युरोपच्या विचित्र चालीरीतींची एक ठरलेली यादी आपल्याकडे फिरत असते. लोक पृथ्वी सपाट मानत, बायकांना चेटकीण ठरवून जाळत, आरोपीच्या हातात तापलेले लोखंड देत. मग विज्ञान आले आणि उजाडले. यातली पहिली गोष्ट खोटी आहे, दुसरी भलत्याच काळाच्या खात्यावर मांडलेली आहे आणि तिसरी खरी असली तरी तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. जे विचित्र दिसते ते क्रूर आणि जे कागदोपत्री, रीतसर चालते ते सुधारलेले, ही समजूत या यादीतून मनात रुजते. माझे भांडण त्या समजुतीशी आहे.

सपाट पृथ्वीचे आधी उरकून टाकू. आठव्या शतकात इंग्लंडमधला बीड नावाचा मठवासी पृथ्वी चेंडूसारखी गोल असल्याचे लिहितो. १२३० च्या सुमारास साक्रोबोस्कोने गोलावर लिहिलेले पुस्तक युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतके शिकवले गेले. कोलंबसाशी विद्वानांचा वाद झाला तो पृथ्वीच्या आकारमानावरून, आणि त्यात विद्वानच बरोबर होते. सपाट पृथ्वीवाल्यांना कोलंबसाने खोटे पाडल्याची कथा पसरली ती मुख्यतः वॉशिंग्टन अर्विंगच्या १८२८ सालच्या चरित्रामुळे.

म्हणजे मध्ययुगात अंधश्रद्धा नव्हत्या असे मुळीच नाही. नवव्या शतकाच्या आरंभी ल्यों शहराचा आर्चबिशप अगोबार याने गारपिटीवर एक पुस्तिका लिहिली. थोर-सामान्य, शहरी-खेडूत, म्हातारे-तरुण अशा बहुतेक सगळ्यांचा विश्वास आहे की वादळे माणसे उठवतात, अशी त्याची तक्रार आहे. ढगांत मागोनिया नावाचा देश आहे, तिथली जहाजे आकाशातून येतात, गारांनी झोडपलेले पीक भरून नेतात आणि त्याबद्दल वादळ उठवणाऱ्यांना मोबदला देतात, असे लोक मानत. एकदा चार माणसे साखळदंडांनी बांधून त्याच्यापुढे आणली गेली: तीन पुरुष आणि एक बाई. ती त्या जहाजांतून खाली पडली आहेत, त्यांना दगडांनी ठेचायचे, असे जमावाचे म्हणणे. अगोबारने पुष्कळ वाद घातला आणि शेवटी आणणाऱ्यांनाच खाली मान घालावी लागली. वादळ थांबवण्याची हमी देणाऱ्यांना शेतकरी पिकातला वाटा बिनबोभाट देतात, पण गरिबाला भीक घालत नाहीत, हेही त्याने चिडून नोंदवले आहे.

आकाशातल्या जहाजांची गंमत सांगणारे अगोबारचे नाव बहुधा घेत नाहीत, आणि इथेच अन्याय होतो. ही श्रद्धा आपल्याला ठाऊक आहे ती मुळी तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसामुळे. याच माणसाने ज्यूंविरुद्ध विषारी पत्रे लिहिली, तेही सांगायलाच हवे. त्या द्वेषाची फळे युरोपने पुढे पाहिली: प्लेगच्या साथीत, फेब्रुवारी १३४९ मध्ये, स्ट्रासबर्गच्या ज्यूंना जाळण्यात आले. साथीने ज्यूही मरत आहेत आणि जिथे ज्यू नाहीत तिथेही साथ आहे, असे पोप सहावा क्लेमेंट १३४८ मध्येच बजावत होता. ऐकले कोणी नाही. मध्ययुगाचा खरा काळा डाग हा आहे, आणि तो त्या गमतीच्या यादीत नसतो.

आता तापलेले लोखंड. आरोपीने तीन दिवस उपास करायचा, प्रार्थनेला हजर राहायचे. इंग्लंडमध्ये एक पौंड वजनाचा लोखंडी तुकडा तापवत. आरोप गंभीर असला तर तीन पौंडांचा. तो हातात घेऊन नऊ फूट चालायचे. मग हात बांधून त्यावर मोहर करत आणि तिसऱ्या दिवशी पट्टी सोडत. जखम स्वच्छ असली तर निर्दोष, चिघळलेली असली तर दोषी. पाण्याच्या परीक्षेत बांधलेला माणूस बुडाला तर तो निर्दोष. त्याला दोराने वर ओढून घेत, हे मात्र कोणी सांगत नाही. आपल्याला यात परके वाटण्याजोगे काही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये आहेत, आणि उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवा दिव्य मराठेशाहीत वतनांच्या तंट्यांत होत असे.

हंगेरीतल्या वाराद इथल्या, म्हणजे आजच्या रुमानियातल्या ओरादियाच्या, चर्चची १२०८ ते १२३५ या काळातली नोंदवही उपलब्ध आहे. तिच्यात लोखंडाची परीक्षा पूर्ण झालेले २०८ लोक आहेत. त्यांतले १३० निर्दोष सुटले. इंग्लंडच्या विल्यम रूफस राजाने हरणे मारल्याचा आरोप ठेवलेले पन्नासच्या पन्नास लोक लोखंडातून सुटले, तेव्हा राजा संतापला आणि यापुढचा निवाडा आपल्या हाती राहील असे म्हणाला. यावरून काही आधुनिक अभ्यासक असा तर्क करतात की अपराधी माणूस परीक्षेआधीच कबुली देई, निरपराध पुढे येई आणि पुरोहित लोखंड निवू देत असावेत. म्हणून ही पद्धत एका परीने शहाणपणाची होती, असे त्यांचे म्हणणे. मला हे मान्य नाही. उरलेले ७८ जण दोषी ठरले, आणि त्यांच्यात निरपराध किती होते हे विचारायला हा तर्क थांबत नाही.

ते विचारले पॅरिसच्या पीटर कँटर या धर्मशास्त्र्याने, बाराव्या शतकात. त्याने सांगितलेली हकिकत अशी: दोघे इंग्रज जेरुसलेमच्या यात्रेला निघाले. जो एकटाच परतला त्याच्यावर सोबत्याच्या खुनाचा आरोप आला, पाण्याने त्याला दोषी ठरवले आणि तो फासावर गेला. पुढे सोबती जिवंत घरी आला. देवाची अशी परीक्षा पाहणे हेच पाप आहे, असे पीटरचे म्हणणे. त्याच्या वर्तुळातल्या विचारांचा प्रभाव १२१५ च्या लॅटरन धर्मसभेवर पडला आणि तिने पुरोहितांना लोखंड-पाण्याला आशीर्वाद देण्याची बंदी केली. दिव्याच्या मुळावर घाव घातला तो मध्ययुगातल्याच धर्मशास्त्र्यांनी.

त्या जागी काय आले? इंग्लंडमध्ये ज्युरी आली. युरोपच्या मुख्य भूमीवर आली ती पंडितांनी रचलेली, रोमन कायद्याच्या आधाराची चौकशीपद्धत. तिला दोन प्रत्यक्ष साक्षीदार हवे असत, नाहीतर कबुलीजबाब. साक्षीदार नसले की कबुली काढायची, आणि कबुली काढायची म्हणजे छळ. पाखंड्यांसाठी तो १२५२ मध्ये पोपच्याच फर्मानाने मान्य झाला. चेटूक कोणी पाहिलेले नसते, त्यामुळे या यंत्राला त्याच्याइतके सोयीचे भक्ष्य दुसरे नव्हते.

आणि ते यंत्र पूर्ण वेगाने चालले ते मध्ययुग संपल्यावर. त्याआधी चर्चचा सूर वेगळा होता: ९०६ च्या सुमारास प्रूमच्या रेगिनोने नोंदवलेला चर्चचा नियम सांगतो की रात्री डायना देवीबरोबर उडत जातो असे मानणाऱ्या बायका भ्रमात आहेत. पुढे हाच नियम ग्राशियनच्या धर्मकायद्यातही गेला. हाइनरिख क्रेमरने १४८५ मध्ये इन्सब्रुकला चेटकिणींचा खटला उभा केला, तेव्हा तिथल्या बिशपने तो मोडीत काढला आणि त्याला शहरातून निघून जायला सांगितले. क्रेमरने मग चेटकिणींविरुद्धचा ग्रंथ लिहिला आणि तो छापखान्यातून बाहेर पडून युरोपभर गेला. चेटूक-खटल्यांत एकूण चाळीस ते पन्नास हजार माणसे मारली गेली असा अंदाज आहे आणि त्यांचा कळस १५६० ते १६३० या काळातला. तो गॅलिलिओच्या दुर्बिणीचा काळ आहे.

ग्रहगतीचा तिसरा नियम योहानेस केप्लरने १६१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्याची आई काथारीना चेटकीण म्हणून खटल्यात अडकली होती. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला वर्षाहून अधिक काळ साखळीने बांधून ठेवले. केप्लरने तिचा बचाव स्वतः हाती घेतला आणि एकेक साक्ष तपासून खोडून काढली. शेवटी १६२१ मध्ये तिला छळाची हत्यारे दाखवून दम भरण्यात आला. अंगातली शीर न् शीर ओढून काढली तरी कबूल करण्यासारखे माझ्यापाशी काही नाही, असे ती म्हणाली आणि सुटली. हत्यारे दाखवण्याचा तो आदेश कुठल्या भोळ्या खेडूत जमावाचा किंवा मध्ययुगीन साधूचा नव्हता. तो ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी कागदपत्रे वाचून, रीतसर दिला होता.