विश्लेषण : हिमालयात जाड जाकिटापेक्षा पातळ थर का हवेत?

डिसेंबर उजाडला, की पुण्या-मुंबईतून केदारकंठा, ब्रह्मताल अशा हिवाळी ट्रेकसाठी निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. खरेदीच्या यादीत पहिले नाव असते ते जाडजूड जाकिटाचे. प्रत्यक्षात डोंगरात माणूस गारठतो तो अनेकदा जाकीट पातळ होते म्हणून नव्हे, तर आतले कपडे घामाने भिजले म्हणून. यंदा खरेदीला निघण्यापूर्वी हे गणित समजून घ्यायला हवे.

ऊब नेमकी कशामुळे मिळते?

कापड स्वतः उष्णता निर्माण करत नाही. ती शरीर करते. कापडाचे काम एवढेच, की धाग्यांमध्ये आणि दोन थरांमध्ये हवा अडवून ठेवायची. स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असते. पाणी मात्र हवेच्या जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे कपडा भिजला, की ऊब टिकवणारी हवा जाते आणि तिची जागा पाणी घेते. कपडा तोच असतो, पण आता तो शरीराची उष्णता बाहेर टाकू लागतो.

जाड जाकिटाचे काय चुकते?

सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर, तर केदारकंठाचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे पायथा आणि माथा यांत सुमारे १२ अंशांचा फरक. त्यात चढताना शरीर तापते आणि थांबले की झपाट्याने निवते. एकच जाड जाकीट या सगळ्याला पुरे पडत नाही. घातले तर घाम, काढले तर हुडहुडी. पातळ थर मात्र गरजेनुसार चढवता-उतरवता येतात.

कोणते थर घ्यावेत?

अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर सोडणारा हवा. तो पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकरीचा असावा. त्यावर पातळ फ्लीस. सर्वांत बाहेर वारा आणि बर्फ अडवणारे, अस्तर नसलेले जलरोधक जॅकेट. चौथा थर म्हणजे पिसांचे किंवा कृत्रिम भरावाचे हलके जाकीट. ते चालताना घालायचे नाही. ते विश्रांतीसाठी आणि तंबूसाठी. नीट निवडले तर वरच्या अंगाचे हे चारही थर मिळून साधारण सव्वा किलोत बसतात. पिसांचे जाकीट वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊब देते, पण भिजले की चोथा होतो. कृत्रिम भराव थोडा जड, पण ओला झाला तरी काही ऊब राखतो.

सुती कपडे का नकोत?

इथे आपली सह्याद्रीतली सवय आड येते. सिंहगड चढताना सुती टी-शर्ट घामाने चिंब होतो, वर वाऱ्याची झुळूक लागली की बरे वाटते. हेच ‘बरे वाटणे’ बर्फात घातक ठरते. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि थंडीत लवकर वाळत नाही. जीन्सचेही तेच. आपल्याकडचे मेंढपाळ पावसात घोंगडी पांघरतात, कारण लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. हे शहाणपण आपल्याला नवे नाही. फक्त घोंगडीचे वजन पाठीवर नेण्याजोगे नाही.

वापरताना काय पाळावे?

निघताना किंचित थंडी वाजत असली पाहिजे. दहा मिनिटांत शरीर तापते. घाम येऊ लागला की थांबून एक थर काढावा, सोबतचे पुढे गेले तरी. थांबल्यावर मात्र थंडी वाजायची वाट न पाहता जाकीट चढवावे. झोपण्यासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि चालताना त्याला हात लावू नये.

एवढा काटेकोरपणा खरेच गरजेचा आहे?

शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले, की हायपोथर्मिया होतो. आधी कुडकुडणे, मग जीभ जड होणे, पाय अडखळणे, बोटांनी चेनही लावता न येणे. पुढे विचारशक्तीच मंदावते, त्यामुळे धोका स्वतःला कळत नाही. जून २०२४मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, उत्तराखंडमधील सहस्त्रतालच्या वाटेवर हिमवादळात अडकून कर्नाटकातून आलेल्या गटातील नऊ जणांचा मृत्यू झाला. केवळ कपड्यांनी अशी संकटे टळत नाहीत. पण मदत पोहोचेपर्यंतचे तास कोरड्या कपड्यांत काढायचे की ओल्या, याने फरक पडतो.

मग खर्चाचे काय?

हलके म्हणजे महागच, असे नाही. घरातला व्यायामाचा पॉलिस्टर टी-शर्ट पहिला थर म्हणून चालतो. फ्लीसही फार महाग नसते. पिसांचे जाकीट वर्षातून एकदाच लागणार असेल तर भाड्याने घ्यावे. आणि वजन कमी करणे हा चोचलाही नव्हे. आपल्या पिशवीतली अनावश्यक तीन जाकिटे शेवटी एखाद्या पोर्टरच्या किंवा खेचराच्या पाठीवर जातात.

आयोजक वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, ते योग्यच आहे. तितक्याच काटेकोरपणे त्यांनी पायथ्याशी प्रत्येकाची पिशवी उघडून पाहावी आणि जीन्स व सुती बनियन तिथेच ठेवायला लावावेत. थोडी नाराजी होईल, पण ती परवडेल.