पेल्यातील साखरेचा हिशेब

घरात कोणास मधुमेह असल्याचे कळले की भात मोजून वाढला जातो, पोळ्या गणल्या जातात आणि मिठाईचा डबा दृष्टीआड होतो. परंतु ताटाविषयी इतके दक्ष असणारे आपण पेल्याविषयी मात्र उदासीन असतो. ‘नुसता चहाच तर घेतला,’ असे म्हणून त्यातील साखर सहज विसरली जाते.

वाचकहो, थोडा हिशेब करून पाहा. एक सपाट चमचा साखर सुमारे ४ ग्रॅम भरते. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतल्यास ३२ ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सर्वसामान्य माणसांसाठीसुद्धा, वरून घातलेली साखर, मध व फळांचे रस यांतील साखर मिळून दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक हितावह मानले आहे. म्हणजे केवळ चहानेच ही मर्यादा ओलांडली!

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, त्यामुळे रक्तात आलेली साखर लवकर ओसरत नाही. त्यातून पेयातील साखर जठरात फारशी रेंगाळत नाही; ती त्वरेने रक्तात उतरते. अखंड संत्र्यातील चोथा हा वेग आवरतो. रस गाळला की तो आवर जातो, शिवाय एका पेल्यासाठी अनेक फळे पिळावी लागतात. रसवंतीगृहातील उसाचा रस, बाटलीतील शीतपेये आणि गोड लस्सी यांपासून मधुमेह्याने दूरच राहावे. गुळाचा चहा निर्धोक असतो हा समजही खरा नव्हे. गूळ म्हणजे बव्हंशी साखरच होय.

मग प्यावे तरी काय? पाणी सर्वांत उत्तम. त्याखेरीज पातळ ताक, साखरेविना लिंबूपाणी, बिनसाखरेचा चहा किंवा कॉफी चालेल. रक्तदाब असल्यास ताकात मीठ बेताचेच घालावे. दुधातही १०० मिलिलिटरमागे सुमारे ५ ग्रॅम नैसर्गिक साखर असते, तेव्हा दूध आहारात मोजून घ्यावे.

एक अपवाद मात्र प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावा. इन्सुलिन अथवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा कधी एकाएकी उतरते. थरथर, घाम व गोंधळलेपणा ही तिची लक्षणे होत. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता विनाविलंब वैद्यकीय मदत मिळवावी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांस मधुमेह आहे. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांतही त्यांपैकी कोणी असणारच. आग्रहाने पुढे केलेला गोड चहा नाकारणे त्यांस अवघड जाते. म्हणून चहा साखरेविना करावा, साखरेची वाटी शेजारी ठेवावी आणि पाहुण्यास विचारावे. घरातील चहाची साखरही दर आठवड्यास अर्धा चमचा कमी करीत जावी. जिभेला नव्या चवीची सवय हळूहळू होते.