जंगल पुन्हा हिरवं झालं, पण कार्बन परत आला का?

२०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडातली जंगलं महिनोन्‌महिने जळत होती. न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झाल्याचे फोटो तुमच्याही फीडमध्ये आले असतील. त्या वर्षी मे ते सप्टेंबरदरम्यान या वणव्यांतून सुमारे ६४.७ कोटी टन कार्बन हवेत गेला, असा अंदाज 'नेचर'मध्ये २०२४ साली आलेल्या एका अभ्यासात आहे. इंधन जाळून वर्षभरात यापेक्षा जास्त कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत.

अशा बातमीखाली एक कमेंट हमखास दिसते: "जंगल पुन्हा उगवेल, कार्बन परत शोषला जाईल, मग टेन्शन कशाला?" यात तथ्य आहे. पण हे गणित एका अटीवर चालतं. नवं जंगल मोठं होईपर्यंत ते पुन्हा जळता कामा नये. ही अट मोडली की काय होतं, ते अमेरिकेतल्या यलोस्टोन परिसरात दिसलं आहे.

आगीची सवय असलेलं झाड

यलोस्टोनमध्ये लॉजपोल पाइन नावाचं झाड सर्वात जास्त आढळतं. त्यातल्या अनेक झाडांचे शंकू राळेने घट्ट बंद असतात. आगीची धग लागली की राळ वितळते, शंकू उघडतात आणि बिया राखेत पडतात. म्हणजे आग हा या झाडाच्या जीवनक्रमाचाच भाग आहे. इथे मोठ्या आगी पूर्वी साधारण १०० ते ३०० वर्षांनी लागायच्या.

१९८८ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला. त्यानंतर रोपं इतकी दाट उगवली की काही ठिकाणी एका हेक्टरमध्ये ४०,००० पेक्षा जास्त झाडं झाली. म्हणजे दर चौरस मीटरला चार! निसर्ग सावरला, असंच सगळ्यांना वाटलं.

मग २०१६ आलं. १९८८ आणि २००० च्या आगींनंतर उगवलेली, म्हणजे २८ आणि १६ वर्षांची जंगलं पुन्हा पेटली.

कोवळं झाड म्हणजे सरपण

एरवी मोठ्या जंगलात आग लागते तेव्हा पाइनची सुईसारखी पानं आणि बारीक फांद्या जळतात. खोडं काळी पडतात, पण बरीचशी उभी राहतात. बराच कार्बन त्या खोडांतच अडकून राहतो.

तरुण जंगलात तसं होत नाही. खोडं बारीक, साल पातळ, फांद्या जमिनीपर्यंत आलेल्या आणि झाडं एकमेकांना खेटून. त्यात आधीच्या आगीत मेलेल्या झाडांचे वाळलेले ओंडके खाली पडलेले असतात. चूल पेटवणाऱ्याला विचारा, काटक्या आधी पेटतात की ओंडका? इथे तर दोन्ही एकाच जागी रचलेलं. जिथे झाडं लहान आणि दाट होती, तिथल्या काही भागांत जवळपास सगळंच जळून गेलं.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मोनिका टर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तिथे जाऊन मोजणी केली. त्यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले:

- आधीच्या आगीनंतर जितकी रोपं उगवली होती, त्याच्या साधारण एक षष्ठांशच या वेळी उगवली.
- हेक्टरी ४०,००० पेक्षा जास्त झाडं होती, तिथे आता १,००० सुद्धा नाहीत.
- पुन्हा न जळलेल्या शेजारच्या जंगलाच्या तुलनेत जमिनीवरचा कार्बनसाठा ६२ टक्के कमी.
- कॉम्प्युटर मॉडेलनुसार कार्बन भरून निघायला १५० वर्षांहून जास्त उशीर.

हे कर्जासारखं आहे. पहिल्या आगीचे हप्ते फिटायच्या आत दुसरी आग म्हणजे जुनं कर्ज डोक्यावर असताना नवं कर्ज, आणि पगारही कमी झालेला. कारण तरुण झाडांवर शंकू कमी, म्हणून बिया कमी, म्हणून कार्बन शोषणारी झाडंही कमी. एक नक्की, जंगल संपलेलं नाही. झाडं आहेत, फक्त विरळ.

सॅटेलाइटला काय दिसतं, काय दिसत नाही?

नासाच्या 'फर्म्स' वेबसाइटवर जगातल्या आगींचे लाल ठिपके कोणालाही मोबाइलवर फुकट बघता येतात. पण ठिपका म्हणजे 'इथे उष्णता आहे' एवढंच. तिथे काय जळतंय, हे तो सांगत नाही.

उत्सर्जन काढायचं एक मूळ सूत्र सोपं आहे: जळलेलं क्षेत्र × हेक्टरी जळण × त्यातला किती भाग जळाला × प्रत्येक किलो जळणामागे किती वायू निघतो. क्षेत्र सॅटेलाइटवरून चांगलं मोजता येतं. खरी अडचण मधल्या दोन आकड्यांची. दाट, कोवळ्या पाइनचं जंगल आणि शंभर वर्षांचं जंगल वरून दोन्ही हिरवीच दिसतात.

म्हणून आता उंची मोजणारी साधनं वापरतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं 'जेडाय' हे उपकरण लेझर सोडून झाडांची उंची आणि रचना टिपतं. मात्र अवकाश स्थानक साधारण ५१.६ अंश अक्षांशाच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे कॅनडाचं बरंचसं उत्तरेकडचं जंगल त्याच्या टप्प्याबाहेर राहतं. आणि जमिनीवरची रोपं मोजायला आजही माणसालाच चालत जावं लागतं.

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

यलोस्टोनचे आकडे सह्याद्रीला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडच्या वणव्यात बहुतेक वेळा वाळलेलं गवत आणि पालापाचोळा जळतो. झाडं वेगळी, आगही वेगळी. पण 'झाडं लावून कार्बन भरून काढला' असे दावे आपल्याही स्क्रीनवर रोज येतात. असा दावा दिसला की तीन प्रश्न विचारा. झाडांचं वय किती? तिथे किती वर्षांनी आग लागते? आणि मधेच जळालं तर तो हिशोब कोण दुरुस्त करणार?

तुमच्या भागात वणवे लागत असतील, तर भारतीय वन सर्वेक्षणाच्या वेबसाइटवर मोबाइल नंबर नोंदवून आगीचे अलर्ट मिळवता येतात. लहान रोपांच्या जागेवर तर ही माहिती लवकर मिळणं जास्तच गरजेचं. मोठं झाड एखादी आग सोसतं, रोप सोसत नाही.