आजीची काळजी आणि सिकलसेलचा कागद



रात्री लेकरू कण्हले की घरात पहिली जाग आजीला येते. आईबाप मजुरीला जातात तेव्हा लेकरू तिच्याच हवाली असते. म्हणून आजीने काळजी करावी, यात गैर काही नाही. परंतु त्या काळजीपायी लेकराचे खेळणे बंद झाले आणि सुनेच्या डोक्यावर खापर फुटू लागले, तर कुटुंबाने एकत्र बसून विचार केलाच पाहिजे.

आमच्या बपेरा गावी, आणि एकूणच भंडारा-गोंदिया-नागपूर पट्ट्यात, हा प्रसंग बरेचदा सिकलसेलच्या तपासणीनंतर येतो. समजा, नऊ वर्षांच्या मुलाच्या कागदावर 'एएस पॅटर्न' असे लिहून आले. आजीच्या कानावर 'सिकलसेल' एवढाच शब्द पडतो. दुसऱ्या दिवसापासून कबड्डी बंद, नदीवर जाणे बंद. शेजारपाजारी सांगून होते, "पोराचं रक्त खराब हाय." सुनेला ऐकवले जाते, "हे तुह्या माहेरचं." सून उत्तर देते तर भांडण, गप्प बसते तर मुलगा स्वतःला आजारी समजू लागतो. अशा घरी आम्ही जाऊन बसतो तेव्हा काय सांगतो, ते येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, कागद नीट वाचावा. 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण. वाहक मुलाला औषध लागत नाही. त्याने शाळेत जावे, खेळावे, पोहावे. उन्हात खेळताना पाणी पीत राहावे, एवढेच. त्याच्याकडून आजार दुसऱ्याला लागत नाही. वाहक असण्याचा खरा विचार लग्नाच्या वेळी करायचा असतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते.

दुसरी गोष्ट, दोष एकट्या सुनेचा नसतो. हा गुण मुलाला आईकडून येऊ शकतो तसाच बापाकडूनही. आणि बापाकडून आला असेल, तर त्याला तो आजी-आजोबांपैकीच कुणाकडून तरी आलेला असतो. मूल 'एसएस' असेल, तर दोन्हीकडून आलेला असतो. म्हणून तपासणी नवरा-बायको दोघांची करावी. सगळ्यांचे कागद समोर आले की माहेर-सासरचा वाद आपोआप निवळतो.

'आपल्याच समाजाचे रक्त असे का?' असाही प्रश्न आम्हाला विचारला जातो. नागपूरचे डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत याचे प्रमाण अधिक आहे, हे खरे. परंतु हा गुण आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस येथेही आढळतो. जेथे हिवताप पिढ्यान् पिढ्या माणसे मारीत होता, तेथे वाहक मुले अधिक तगली, म्हणून हा गुण टिकला. यात जातीचा कमीपणा नाही, की कुणाचे पाप नाही.

आता दुसरी बाजू. आजीची प्रत्येक काळजी पोकळ असते, असे तरुणांनी समजू नये. सहा महिने उलटल्यावर बाळाचे हातपाय सुजणे, डोळे पिवळे दिसणे, वरचेवर ताप येणे, हाडे-सांधे ठणकणे ही 'एसएस'ची लक्षणे असू शकतात. आजी म्हणते, "हे साधं दुखणं नाही," आणि सून-मुलगा तिला जुन्या वळणाची म्हणून हसण्यावारी नेतात, असेही आम्ही पाहिले आहे. कदाचित चाळीस वर्षांपूर्वी तिचे स्वतःचे एखादे मूल असेच पिवळे पडून गेले असेल आणि त्या आजाराचे नावही तिला कुणी सांगितले नसेल. म्हणून आधी तिला विचारावे, "आई, तुम्ही काय पाहिलं होतं?" पुष्कळदा अर्धे भांडण तेथेच मिटते.

मग तिला सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मुलाने-सुनेने शंभरदा सांगितलेले जे पटत नाही, ते डॉक्टरांनी एकदा सांगितले की पटते. अंगारा-धागा आणि कावीळ उतरविणाऱ्याकडे घातलेल्या खेपा यांत रुग्ण मुलाचे मोलाचे दिवस जातात, हेही तिला तेथेच कळू द्यावे.

मूल 'एसएस' निघाले तर आजीला काम द्यावे, कारण तिच्याइतके लक्ष कुणाचेच नसते. दिवसभर पाणी पाजणे, थंडीत अंग झाकणे, फॉलिक ॲसिडची आणि डॉक्टरांनी दिली असेल तर हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर देणे, ही कामे तिची. भरपूर ताप, धाप, छातीत दुखणे किंवा पोट एकाएकी फुगणे दिसल्यास वाट न पाहता दवाखाना गाठावा, हे तिला पाठ असावे. गोळी बदलणे, बंद करणे वा गावठी औषध देणे मात्र आईबापांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि ही सारी बोलणी लेकरासमोर करू नयेत.

१ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार हटविण्याचा त्यात संकल्प आहे. आमच्या बपेऱ्याच्या सोयरिकी सीमेच्या दोन्ही अंगांना होतात. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, या वर्षी ज्या घरी लग्नाची बोलणी चालली असतील, तेथे पसंती होण्याआधी दोघांचे कागद पाहावेत. आणि ते मागण्याचा मान घरच्या आजीलाच द्यावा.