मांजराचा रोष

कुत्रा शेपूट हलवतो तो आनंदाने; मांजर शेपूट आपटू लागले, की त्याचा संयम संपत आला असे समजावे. चेन्नईत दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरलेल्या मांजराला कुरवाळायला जाऊन मुले ओरबाडून घेतात आणि 'लबाड' हा शिक्का मात्र त्याच्यावर बसतो. वास्तविक ते आधी पुरेशी सूचना देते. कान चपटे होतात, बाहुल्या विस्फारतात, पाठीची कातडी थरथरते, मग गुरगुर. त्या गुरगुरीबद्दल त्याला दटावणे सर्वथा चूक. सूचना बंद होते, राग राहतोच. एरवी शांत असणारे मांजर अकस्मात चिडू लागले, तर दुखण्याची शंका घेऊन त्याला वेपेरीच्या, १९०३ पासूनच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. ओरखडा उमटलाच, तर साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.